ॲबरडीन ते बर्गन : अंतर ५४८ किलोमीटर, मग विमानाला वेळ किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला नोकरीला, आई-वडील सुट्टीसाठी त्याच्याकडे जाणार, आणि तिथून तिघांना नॉर्वेतल्या बर्गनला जायचं आहे. अंतर शोधलं तर एका ठिकाणी ५४८, दुसरीकडे ३४१, तिसरीकडे २९६. उड्डाणाचा वेळ कुठे ४१ मिनिटं, कुठे १ तास ११ मिनिटं. पाहून ठेवलेल्या तिकिटावर मात्र जाताना सकाळी १० ला सुटून १२.२० ला पोहोच, म्हणजे २ तास २० मिनिटं. येताना दुपारी १ ला सुटून १.२५ ला पोहोच, म्हणजे जेमतेम पंचवीस मिनिटं. यातलं खरं काय मानायचं? आणि बर्गनला उतरून त्याच दिवशी संध्याकाळची बोट धरता येईल का?

मी युरोपातल्या प्रादेशिक विमानसेवांसाठी फ्लाइट डिस्पॅचचं काम करते. विमान सुटण्याआधी त्याचा मार्ग, उंची, इंधन आणि वेळ ठरवून तो आराखडा वैमानिकाच्या हाती द्यायचा, हे ते काम. उत्तर समुद्रावरचे हे छोटे मार्ग रोजच्या कामातले आहेत, म्हणून नीट हिशेब मांडून सांगते. हा हिशेब कळला की युरोपातल्या कुठल्याही दोन लहान विमानतळांसाठी तुम्हाला तो स्वतः करता येईल.

आधी अंतर. ५४८, ३४१ आणि २९६ हे एकाच अंतराचे तीन आकडे आहेत : ५४८ किलोमीटर, ३४१ साधे मैल आणि २९६ सागरी मैल. बऱ्याच साइट आकडा मोठ्या अक्षरात देतात आणि एकक कोपऱ्यात बारीक अक्षरात, त्यामुळे गोंधळ होतो. विमानवाहतुकीत सगळा कारभार सागरी मैलांत चालतो आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल १,८५२ मीटरचा. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर त्यातला एक भाग जवळजवळ एवढाच भरतो, आणि म्हणूनच नकाशावर काम करणाऱ्याला हे एकक सोयीचं पडतं.

ते कसं, ते करूनच बघा. ॲबरडीनचा विमानतळ ५७.२० अंश उत्तर, २.२० अंश पश्चिम. बर्गनचा ६०.२९ अंश उत्तर, ५.२२ अंश पूर्व. अक्षांशातला फरक ३.०९ अंश, त्याला ६० ने गुणलं की १८५ सागरी मैल. म्हणजे बर्गन तेवढं उत्तरेला. रेखांशातला फरक ७.४२ अंश, कारण एक विमानतळ ग्रिनिचच्या पश्चिमेला आणि दुसरा पूर्वेला, म्हणून बेरीज. त्याला ६० ने गुणलं की ४४५. पण रेखांश उत्तरेकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात, म्हणून या आकड्याला मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे ५८.७५ अंशांच्या कोसाइनने गुणायचं. तो आहे ०.५१९. उत्तर २३१. म्हणजे बर्गन २३१ सागरी मैल पूर्वेला. आता शाळेतला पायथागोरस : १८५ चा वर्ग अधिक २३१ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. येतं २९६. गोल पृथ्वीचं पूर्ण सूत्र वापरलं तरी २९६ च येतात, १.८५२ ने गुणले की ५४८ किलोमीटर. एवढ्या कमी अंतरावर पृथ्वीच्या गोलाईने हातच्या हिशेबात एक मैलाचाही फरक पडत नाही. मुंबई-लंडनसाठी मात्र ही युक्ती वापरू नका, तिथे गोल पृथ्वीचंच सूत्र लागतं.

हे झालं ग्रेट सर्कल अंतर, म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरून मोजलेलं सर्वांत जवळचं अंतर. ते एका विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून दुसऱ्याच्या संदर्भबिंदूपर्यंत मोजतात, आणि हा बिंदू साधारण धावपट्ट्यांच्या मध्याशी धरलेला असतो. या वाटेने निघताना ॲबरडीनहून दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे ४८ अंश असते आणि बर्गनला पोहोचेपर्यंत ती ५४ अंश झालेली असते. विमान वळवलेलं नसतं, सरळच गेलेलं असतं. पायाखालचे रेखांश तिरके होत जातात म्हणून दिशेचा आकडा बदलतो.

काही साइट याच जोडीसाठी ‘गाडीने अंतर’ही दाखवतात. ते बघत बसू नका. मध्ये अख्खा उत्तर समुद्र आहे. गाडीने जायचं तर इंग्लंड उतरून, इंग्लिश खाडी ओलांडून, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड, जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन करत नॉर्वेत शिरावं लागतं. म्हणून तर एवढ्या कमी अंतराला विमान चालतं. ॲबरडीन आणि नॉर्वेतली स्टाव्हांगर व बर्गन ही उत्तर समुद्रातल्या तेल-वायू उद्योगाची शहरं; आपल्याकडचे किती तरी इंजिनिअर या त्रिकोणात नोकऱ्या करतात. या विमानांतले प्रवासी बरेचसे कामावर निघालेले असतात, आणि त्याचा वेळापत्रकावर परिणाम होतो, त्याकडे शेवटी येते.

आता वेळ. ४१ मिनिटांचा आकडा सोडून द्या. ५४८ ला जेट विमानाच्या ताशी ८०५ किलोमीटर वेगाने, म्हणजे ताशी ५०० मैलांनी भागलं की ४१ मिनिटं येतात. पण विमान एका धावपट्टीवर ८०५ च्या वेगाने प्रकट होऊन दुसरीवर त्याच वेगाने अदृश्य झालं, तरच हे जमेल. १ तास ११ मिनिटं हा आकडा त्यातल्या त्यात शहाणा : त्याच ४१ मध्ये चढण्या-उतरण्यासाठी सरसकट ३० मिनिटं मिळवलेली आहेत. जेटसाठी तो अंदाज चुकून बरा निघतो. पण या मार्गावर जेटच असेल याची खात्री काय?

उत्तर समुद्रावर दोन जातीची विमानं दिसतात. एक पंख्याची, म्हणजे टर्बोप्रॉप : एटीआर आणि डॅश ८. दुसरी छोटी जेट : एम्ब्राएर. नॉर्वेच्या विडेरोकडे डॅश ८ आणि एम्ब्राएर ई१९०-ई२ दोन्ही आहेत, स्कॉटलंडच्या लोगनएअरकडे एटीआर आणि एम्ब्राएर १४५. एटीआर ७२ चा प्रवासी वेग साधारण २७५ नॉट, म्हणजे ताशी ५१० किलोमीटर. डॅश ८ मालिकेतलं सर्वांत मोठं क्यू४०० हे ३६० नॉटच्या आसपास जातं. छोटं जेट ४३० नॉट धरा. नुसतं भागून बघितलं तर २९६ सागरी मैलांना एटीआरला ६५ मिनिटं, क्यू४०० ला ४९, जेटला ४१.

आता यात चढण आणि उतरण घाला, म्हणजे खरी गंमत कळते. उतरण्याचा आमचा ढोबळ नियम असा की उंचीच्या हजार फुटांना तीनने गुणायचं, तेवढे सागरी मैल आधी उतरायला सुरुवात करायची. क्यू४०० पंचवीस हजार फुटांवर असेल तर बर्गनच्या ७५ मैल आधीच त्याचं नाक खाली झुकतं. चढायलाही जवळपास तेवढंच अंतर गेलेलं असतं. म्हणजे २९६ पैकी दीडशे मैल चढ-उतारात संपले, आणि पूर्ण वेगाने पळायला निम्मीच वाट उरली. जेट तेहेतीस हजारांवर गेलं तर त्याला उतरायलाच शंभर मैल हवेत, चढायला शंभर, आणि वर सरळ उडायला शंभरही मिळत नाहीत. शिवाय दहा हजार फुटांच्या खाली सगळ्यांनाच साधारणपणे २५० नॉटची मर्यादा असते. त्यामुळे जेटचा वेग कागदावर सत्तर नॉटने जास्त असला, तरी या अंतरात क्यू४०० पेक्षा तो सात-आठ मिनिटंच वाचवतो. प्रादेशिक मार्गांवर कंपन्या पंख्याची विमानं का ठेवतात, याचं उत्तर इथेच आहे : इंधन बरंच कमी जळतं आणि वेळ थोडाच जास्त जातो. पंखा दिसला म्हणून विमान जुनाट किंवा कमी भरवशाचं समजू नका.

पुढची गोष्ट धावपट्ट्यांची. ॲबरडीनची धावपट्टी १६/३४, बर्गनची १७/३५. या आकड्यांना दहाने गुणलं की दिशा मिळते, म्हणजे दोन्ही जवळजवळ उत्तर-दक्षिण आहेत. आणि तुमचा मार्ग आहे ईशान्येचा. उड्डाण आणि उतरणं शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन करायचं असतं, त्यामुळे ॲबरडीनहून विमान एक तर दक्षिणेकडे उडून डावीकडे वळणार, नाही तर उत्तरेकडे उडून उजवीकडे. काही मैल गेलेच. बर्गनला तर फरक आणखी जाणवतो. वारा उत्तरेचा असेल तर उतरायचं धावपट्टी ३५ वर, दक्षिणेकडून; नैऋत्येहून येणाऱ्या विमानाला ती वाटेवरच पडते. वारा दक्षिणेचा असेल तर धावपट्टी १७, म्हणजे आधी विमानतळ ओलांडून उत्तरेला जायचं, मग वळून मागे यायचं. त्यात सहज पाच मिनिटं जातात. बर्गन हे युरोपातल्या सर्वांत पावसाळी शहरांपैकी एक, आणि पावसाळी हवेत तिथे दक्षिणेचा वारा बरेचदा असतो. खिडकीतून खाली बेटं आणि विमानतळ दिसतोय, तरी विमान पुढेच चाललंय असं वाटलं, तर घाबरू नका. ते धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडे निघालेलं असतं.

हे सगळं धरून, वारा नसताना, जमीन सोडल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत माझा हिशेब असा बसतो : एटीआर सव्वा तास, क्यू४०० एक तासाच्या आत-बाहेर, जेट पन्नास-बावन्न मिनिटं.

आता वारा. उत्तर समुद्रावर वरच्या थरांत वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. म्हणून जाताना तो पाठीशी आणि येताना तोंडावर. किती फरक पडतो ते एका उदाहरणाने बघू. पश्चिमेचा ६० नॉट वारा धरा, हिवाळ्यात त्या उंचीवर हा काही मोठा वारा नाही. मार्ग ईशान्येचा असल्यामुळे हा वारा पूर्ण पाठीवर येत नाही, तिरका येतो. त्याचे ४७ नॉट मदतीला आणि ३८ नॉट आडवे. आडव्या वाऱ्याने विमान वाटेवरून सरकू नये म्हणून एटीआरला नाक आठ अंश वाऱ्याकडे तिरकं धरून उडावं लागतं, आणि त्यातही दोन-तीन नॉट जातात. हिशेबाअंती जाताना जमिनीवरचा वेग ३१९ नॉट, येताना २२६. २९६ मैलांना जाताना ५६ मिनिटं, येताना ७९. चढ-उतार यात अजून धरलेला नाही, तरी तेवीस मिनिटांचा फरक पडला. तोच वारा जेटला लावला तर जाताना ३७ आणि येताना ४६ किंवा ४७, म्हणजे फरक नऊ मिनिटांचा. विमान जितकं हळू, तितका वारा त्याच्यावर जास्त वेळ काम करतो. जेट अधिक उंचावर उडतं आणि तिथे वारा जास्त असतो, त्यामुळे व्यवहारात त्याचाही फरक थोडा वाढतो, पण एटीआरएवढा सहसा नाही.

आणखी एक बघा. वारा नसता तर एटीआरच्या दोन्ही फेऱ्या मिळून १२९ मिनिटं झाल्या असत्या. वारा असताना झाल्या १३५ (५६ अधिक ७९). जाताना कमावलेलं येताना व्याजासकट परत जातं, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं. म्हणून ‘वारा काय, जाता-येता सारखाच’ हा अंदाज चुकतो, आणि कंपनीला वेळापत्रकात येताना नेहमी काही मिनिटं जास्त ठेवावी लागतात.

मग तिकिटावरच्या वेळा? आधी घड्याळाचं बघू. नॉर्वे ब्रिटनच्या एक तास पुढे आहे आणि तिकिटावर प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ छापतात. १०.०० ते १२.२० मधून एक तास वजा करा : १ तास २० मिनिटं. परतीच्या १.०० ते १.२५ मध्ये एक तास मिळवा : १ तास २५ मिनिटं. म्हणजे तुमची दोन्ही तिकिटं एकमेकांशी जुळतात, आणि येतानाची जास्तीची पाच मिनिटं बरीचशी पश्चिमेच्या वाऱ्याची आहेत. हा एक तासाचा फरक वर्षभर तसाच राहतो. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोन्ही देश एकाच क्षणी घड्याळं हलवतात. भारताशी फरक मात्र बदलतो : उन्हाळ्यात बर्गन आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार, ॲबरडीन साडेचार आणि साडेपाच. घरी फोन करताना हे लक्षात असू द्या.

हे १ तास २० म्हणजे हवेतला वेळ नव्हे. विमानाच्या चाकांमागचे अडथळे काढून ते जागेवरून हललं, तिथपासून बर्गनला जागेवर लागून अडथळे परत बसले, तिथपर्यंतचा हा वेळ. आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो. हवेतल्या साठ मिनिटांवर धावपट्टीपर्यंत सरपटत जायची आठ-दहा मिनिटं आणि बर्गनला उतरून जागेवर जायची चार-पाच, असं धरलं की सव्वा तास होतो. ॲबरडीनचा डाइस विमानतळ जगातल्या गजबजलेल्या हेलिकॉप्टर तळांपैकी एक आहे. तेलाच्या प्लॅटफॉर्मवर माणसं नेणारी हेलिकॉप्टरं तिथून सतत उडत असतात. पहाटेच्या गर्दीत धावपट्टीशी रांगेत थांबावं लागणं नवल नाही. म्हणून वेळापत्रक आखणारे आधीच्या हंगामांतल्या नोंदी बघून, बहुतेक फेऱ्या वेळेत बसतील एवढी पाच-सात मिनिटं वर ठेवतात. कधी विमान दहा मिनिटं आधी पोहोचतं आणि टाळ्या पडतात, त्यात या मिनिटांचाही वाटा असतो.

कुठल्याही जोडीसाठी माझा ढोबळ हिशेब सांगते. सागरी मैल घ्या. एटीआर असेल तर ४.५ ने भागा आणि २५ मिळवा. क्यू४०० असेल तर ६ ने भागा आणि २५ मिळवा. जेट असेल तर ७ ने भागा आणि ३० मिळवा. उत्तर मिनिटांत येतं आणि तो ब्लॉक टाइम असतो. इथे एटीआरला ९१, क्यू४०० ला ७४, जेटला ७२. तुमच्या तिकिटावरच्या ८० मिनिटांवरून मला तरी हे क्यू४०० किंवा छोटं जेट वाटतं. ऑस्ट्रियातलं ग्राझ ते जर्मनीतलं श्टुटगार्ट घ्या : २७० सागरी मैल, ५०० किलोमीटर, क्यू४०० ला ७० मिनिटं. मिळवायचे २५ हे अंतरावर अवलंबून नसतात, म्हणून अंतर जितकं कमी तितकं त्यांचं वजन जास्त. याचं टोक बघायचं तर स्कॉटलंडच्याच ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण आहे : २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटं. तिथे हिशेबाचं कुठलंच सूत्र लागू पडत नाही.

आता ज्या गोष्टी सूत्रात बसत नाहीत त्या. वसंतात आणि उन्हाळ्यात कधी कधी वारा उलटा फिरतो, पूर्वेकडून येतो. थंड उत्तर समुद्रावरून तो येताना ॲबरडीनच्या किनाऱ्यावर दाट धुकं ढकलतो. स्थानिक लोक त्याला ‘हार’ म्हणतात. काही मैल आत लख्ख ऊन असतं आणि विमानतळावर समोरचं दिसत नाही. त्या दिवशी जायचा वेळ वाढतो, कारण वारा तोंडावर. आणि परतीचं विमान वेळेआधी ॲबरडीनच्या डोक्यावर येऊनही उतरू शकत नाही. मग ते इन्व्हर्नेस किंवा एडिंबरोला जातं आणि पुढचा प्रवास बसने. मे-जूनमध्ये जाणाऱ्यांनी हे गृहीत धरायला हवं. हिवाळ्यात पंखांवरचा बर्फ काढायला, म्हणजे डी-आयसिंगला, रांग धरून दहा ते वीस मिनिटं जातात, आणि ती ब्लॉक टाइममध्ये पूर्णपणे कधीच धरलेली नसतात. शिवाय युरोपभरच्या आकाशातली गर्दी ब्रसेल्सहून सांभाळली जाते. तिथून एखाद्या उड्डाणाला ठरावीक वेळ मिळाली, तर त्या वेळेच्या पाच मिनिटं आधीपासून दहा मिनिटं नंतरपर्यंतच ते उडू शकतं. ती संधी हुकली की नवी वेळ मागायची.

‘तासाभराचा प्रवास, मध्ये समुद्र, इंधन पुरेल ना?’ अशी काळजी आईंनी विचारली आहे, तर ते सांगते. आम्ही कधीच नुसतं तासाभराचं इंधन देत नाही. जमिनीवर सरपटायचं, मग प्रवासाचं, मग अनपेक्षित कारणांसाठी सर्वसाधारणपणे पाच टक्के, पण निदान पाच मिनिटं घिरट्या घालता येतील इतकं. त्यावर बर्गनला उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचं : हाउगेसुंड सुमारे १०५ किलोमीटर, स्टाव्हांगर सुमारे १६०. आणि या सगळ्यावर शेवटची ३० मिनिटं, ज्यांना हात लावायचा नाही. तीही वापरावी लागतील असं दिसलं, तर वैमानिकाने आणीबाणी जाहीर करायची असा नियम आहे. हवामान वाईट दिसलं तर मी हाउगेसुंड सोडून लांबचा विमानतळ धरते, कारण शेजारच्या गावात बहुधा तोच पाऊस, तोच वारा असतो. एक तासाच्या प्रवासाला दोन तासांहून जास्त पुरेल इतकं इंधन टाकीत असणं ही अगदी रोजची बाब आहे.

ग्रेट सर्कल अंतराचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो थेट तुमच्या खिशाशी जोडलेला आहे. युरोपच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार विमान तीन तास किंवा जास्त उशिरा पोहोचलं आणि कारण कंपनीच्या आवाक्यातलं असेल, तर भरपाई मिळते. रक्कम अंतरावर ठरते, आणि अंतर ग्रेट सर्कलने मोजायचं असं नियमातच लिहिलं आहे. १,५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो. ब्रिटनने हा नियम आपल्या कायद्यात ठेवला आहे, तिथे २२० पौंड. धुकं किंवा वादळ हे कारण असेल तर ही रक्कम मिळत नाही, पण खाणं आणि गरज पडल्यास मुक्काम कंपनीनेच बघायचा असतो. पोहोचण्याची वेळ कोणती धरायची, यावर युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्ये निकाल दिला : चाकं टेकली ती वेळ नव्हे, दार उघडून प्रवाशांना बाहेर पडता येतं ती वेळ. उशीर झाला तर दार उघडताना घड्याळ बघून ठेवा.

थेट विमान नसेल त्या दिवशी साइट तुम्हाला ॲम्स्टरडॅममार्गे पाठवेल. ॲबरडीन ते ॲम्स्टरडॅम ७०४ किलोमीटर, तिथून बर्गन ८८८; मिळून १,५९२, म्हणजे थेट अंतराच्या जवळपास तिप्पट. वेळ निदान पाच तास धरा. एकाच तिकिटावर जात असाल तर भरपाईसाठी मात्र अंतर ५४८ च धरतात : सुरुवात आणि शेवट यांच्यातलं. आणि या मार्गाने पासपोर्ट तपासणी बर्गनला होत नाही, ॲम्स्टरडॅमलाच होते, कारण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, शिरताना तुमचं पहिलं पाऊल तिथे पडतं. तिथली रांग मोठी असू शकते. दोन विमानांत पन्नास मिनिटं असलेलं तिकीट भारतीय पासपोर्टवाल्यांनी घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन.

यावरून सर्वांत महत्त्वाचं, जे तुम्ही विचारलेलंच नाही. ब्रिटनचा व्हिसा नॉर्वेला चालत नाही. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. ब्रिटन दोन्हींत नाही. भारतीय पासपोर्टवर तिघांनाही शेंगेन व्हिसा लागेल. तो साधारणपणे तुम्ही जिथले कायदेशीर रहिवासी तिथूनच काढायचा असतो, म्हणजे मुलाने ब्रिटनमधून आणि तुम्ही दोघांनी निघण्याआधी भारतातून. तिथे सुट्टीवर जाऊन मग काढू, असं ठेवलंत तर बहुधा अडकाल. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पहिल्या वेळी खिडकीवर जास्त वेळ लागतो. एक तास वीस मिनिटांच्या प्रवासात सर्वांत मोठी अनिश्चितता या खिडकीची असते, वाऱ्याची नव्हे.

आता बोट. १२.२० ला विमान लागलं, तपासणी आणि सामान यात एक तास धरा. बर्गनच्या फ्लेसलांड विमानतळावरून २०१७ पासून लाइट रेल शहराच्या मध्यापर्यंत जाते, तिला पाऊण तास लागतो. म्हणजे अडीचच्या सुमारास तुम्ही शहरात. सगळं सुरळीत झालं तर संध्याकाळच्या बोटीला भरपूर वेळ आहे.

पण मी तसं आखणार नाही. या मार्गावरचे प्रवासी कामावर जाणारे, त्यामुळे विमानं बहुतेक सोमवार ते शुक्रवार असतात, शनिवारी तुरळक, आणि दिवसाला एखाद-दुसरंच. मुंबई-दिल्लीसारखं ‘हे गेलं तर तासाभराने पुढचं’ असं नसतं. फेरी रद्द झाली तर पुढचं विमान दुसऱ्या दिवशीचं असू शकतं, आणि बोटीचं तिकीट वेगळं काढलेलं असल्यामुळे बोटवाले तुमच्यासाठी थांबणार नाहीत. म्हणून आदल्या दिवशीच बर्गनला जा आणि रात्र तिथे काढा. शनिवारची बोट असेल तर गुरुवारचं विमान घ्या, म्हणजे ते चुकलं तरी शुक्रवारचं हाताशी राहतं. ते जमत नसेल तर दिवसातलं पहिलं विमान निवडा. ते आदल्या रात्री ॲबरडीनलाच मुक्कामाला असेल तर आधीच्या कुठल्या फेरीचा उशीर त्याच्या अंगावर येत नाही. तुमचं १० चं विमान रात्री तिथेच थांबलेलं असतं की सकाळी बर्गनहून येऊन मग परत फिरतं, हे एखाद्या फ्लाइट ट्रॅकिंग ॲपवर दोन-तीन दिवस बघितलंत तर सहज कळेल. तिकीट काढण्याआधी तेवढं बघाच.